फुलाला टिचकी

मिरचीचं फूल गळतं ते देठासकट. आदल्या दिवशी देठाच्या बुडाशी, जिथे तो फांदीला जोडलेला असतो तिथे, एक बारीक पिवळी रेघ उमटते. मग पिवळेपणा वर चढत जातो, सगळा देठ फिका पडतो, आणि नंतर नुसता पडदा सरकवला किंवा कुंडी जरा फिरवली तरी फूल खाली येतं. खिडकीच्या कट्ट्यावर सकाळी अशी चार-पाच फुलं पडलेली असायची. पांढरीशुभ्र, अजून ताजी. झाडाकडे पाहावं तर काही बिनसल्याची खूण कुठेच नाही. पानं हिरवीगार, शेंडे जोमात, फांदी जिथे जिथे दुभंगते त्या प्रत्येक बेचक्यात नवी कळी. सगळं होतं, मिरची तेवढी धरत नव्हती.

ही गोष्ट माझ्या पहिल्या दोन झाडांची. मला बाहेर जागा नव्हती, पण एक मोठी खिडकी होती आणि तिच्यातून सकाळचं ऊन आत यायचं. काचेतून आलेला उजेड कमी पडतो म्हणून वर एक दिवाही टांगला होता. बी पेरल्यापासून पहिली कळी दिसेपर्यंत जवळजवळ तीन महिने गेले. त्या कळीची वाट मी जेवढी पाहिली तेवढी फार थोड्या गोष्टींची पाहिली असेन. ती उमलली, तीन दिवस राहिली आणि गळली. मग दुसरी. मग एका आठवड्यात दहा. मी वहीत रोजचा आकडा मांडायला लागले, कारण नुसतं हळहळत बसण्यापेक्षा मोजणं बरं वाटत होतं. एका झाडाखालचा आकडा ६३ झाला तेव्हा वही मिटून ठेवली.

आधी मी पाण्याला दोष दिला. कमी घालून पाहिलं, जास्त घालून पाहिलं. मग वाटलं, झाड उपाशी असेल, म्हणून खत वाढवलं. ती मोठी चूक होती. त्या खतात नत्र जास्त होतं, आणि नत्र जास्त झालं की मिरचीचं झाड पानांच्या मागे लागतं. झाड आणखी देखणं झालं आणि फुलं आणखी गळाली.

खरी अडचण एका शब्दाने केली होती. मिरची स्वपरागित आहे, असं मी वाचलं होतं आणि तिथेच थांबले होते. भोपळ्यात नर फुलं वेगळी आणि मादी फुलं वेगळी असतात, तसं मिरचीत नसतं. एकाच फुलात पुंकेसरही असतात, स्त्रीकेसरही असतो, आणि त्या फुलाचे पराग त्याच फुलाला चालतात. मग तिसऱ्या कुणाची गरजच काय, असं मी धरून चालले. 'स्व' म्हटलं की आपल्या कानाला 'आपलं आपण' असं ऐकू येतं. पण तो शब्द एवढंच सांगतो की पराग दुसऱ्या झाडावरून आणावे लागत नाहीत. ते आपोआप जागेवर पोचतात, असं तो कुठेच म्हणत नाही.

हे मला कळलं ते भिंग हातात घेतल्यावर. दहा पट मोठं दाखवणारं छोटं भिंग, डोळ्याला अगदी लावून धरायचं आणि फूल त्याच्याजवळ आणायचं. मिरचीचं फूल मान खाली घालून उमलतं, त्यामुळे ते बघायचं तर आपल्यालाच वाकून खालून वर पाहावं लागतं. मधोमध एक फिकट हिरवी काडी, म्हणजे कुक्षिवृंत. तिच्या टोकाला कुक्षी, म्हणजे पराग जिथे पोचायला हवेत ती जागा, किंचित फुगीर, ओलसर चमक असलेली. भोवती पाच-सहा पुंकेसर आणि त्यांच्या टोकांवर निळसर जांभळे परागकोश. फूल सकाळी उमलतं तेव्हा हे परागकोश मिटलेले, गुळगुळीत असतात. मी चहाचा कप बाजूला ठेवून एकाच फुलाकडे बघत बसले होते. दोन-अडीच तासांनी एका परागकोशाच्या कडेला उभी चीर पडली. जांभळ्या कापडाची शिवण उसवावी आणि आतलं मळकट पांढरं अस्तर दिसावं, अगदी तसं. ते अस्तर म्हणजे पराग. एक मिलिमीटर लांबीत साधारण तीस कण ओळीने बसतील, इतके बारीक.

आणि तो उसवलेला परागकोश कुक्षीपासून जेमतेम एक मिलिमीटरवर होता. मी बघत होते, अर्धा तास, एक तास. पराग तिथेच. कुक्षी तिथेच. खोलीत वारा नव्हता, खिडकी बंद होती, झाडाचं पानसुद्धा हलत नव्हतं. पूर्ण झालेलं, सगळी तयारी केलेलं फूल एका मिलिमीटरपायी अडून राहिलं होतं. माझ्या त्या ६३ फुलांचं काय झालं असेल ते मला त्या सकाळी डोळ्यांनी दिसलं.

बाहेरच्या मिरचीला हा प्रश्न पडत नाही. झुळूक आली की फांदी डुलते, फूल हिंदकळतं, पराग झडतात. मधमाशी येते, फुलाच्या तळाशी थोडा मध असतो त्यासाठी आत डोकं घालते आणि जाता जाता सगळं इकडचं तिकडे करून जाते. मुंग्या फिरतात, इतर बारीक किडेही येतात. आपण घरात झाड आणतो तेव्हा माती आणतो, पाणी देतो, उजेड देतो. हे हलवणारे हात मात्र बाहेरच राहतात. झाडाला लागणाऱ्या वस्तूंची यादी करताना कुणाच्या मनात 'हलणं' येत नाही, कारण ती वस्तू नाही.

टोमॅटोचं तर याहून अवघड असतं. त्याचे परागकोश एकमेकांना चिकटून सुळका झालेला असतो आणि पराग आतल्या आत साठलेले असतात. बम्बलबी नावाची गुबगुबीत माशी त्या सुळक्याला धरून लटकते आणि पंख न हलवता नुसते छातीचे स्नायू थरथरवते; त्या कंपाने पराग टोकातून खाली सांडतात. साध्या मधमाशीला हे जमत नाही. १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात बेल्जियम आणि नेदरलँड्समध्ये या बम्बलबी पेट्यांमधून वाढवून काचघरांत सोडायला सुरुवात झाली. त्याआधी तिथे माणसं हातात विजेवर थरथरणारी कांडी घेऊन ओळीओळीने फुलांचे झुपके हलवत जायची. मिरची त्या मानाने सोपी. तिचे परागकोश सुटे असतात, बाहेरून उसवतात. तिला थरथराट लागत नाही, धक्का पुरतो.

तो धक्का मी पहिल्यांदा दिला तो बोटाने. अंगठ्यावर मधलं बोट ताणून देठाच्या मागे हलकी टिचकी. त्या वेळी उन्हाची एक तिरीप नेमकी फुलाच्या खालून जात होती आणि तिच्यात एक धूसर ढग क्षणभर तरंगून विरला. मी दुसऱ्या फुलाखाली काळ्या कागदाचा तुकडा धरला आणि पुन्हा टिचकी दिली. कागदावर पीठ भुरभुरल्यासारखा पांढुरका डाग. भिंगातून पाहिलं, तर मघापर्यंत स्वच्छ चमकत असलेली कुक्षी आता साखरेत बुडवून काढल्यासारखी दिसत होती.

पाचव्या दिवशी त्या फुलाच्या पाकळ्या सुकल्या. मी सवयीने देठाच्या बुडाशी पिवळी रेघ शोधली. नव्हती. उलट देठ जाड झाला होता, आणि सुकलेल्या पाकळ्यांच्या गळपट्ट्यातून ज्वारीच्या दाण्याएवढं हिरवं, तुकतुकीत काहीतरी डोकं वर काढत होतं.

मला त्या दिवसांत एडमंड अल्बियस या मुलाची गोष्ट फार आठवायची. हिंदी महासागरातल्या रेयुनियाँ बेटावर, तेव्हा त्याला बूर्बों म्हणत, व्हॅनिलाचे वेल नेऊन लावले होते. वेल वाढायचे, फुलायचे, पण शेंग धरायची नाही, कारण त्यांच्या मूळ मेक्सिकोतले किडे तिथे नव्हते. १८४१ साली बारा वर्षांच्या एडमंडने, जो त्या बेटावर गुलाम म्हणून जन्मला होता, एका बारीक काडीने फुलातला आडपडदा उचलला आणि अंगठ्याने पराग कुक्षीवर दाबले. व्हॅनिलाचं फूल एकच दिवस उमललेलं राहतं, म्हणजे हे काम त्याच सकाळी करावं लागतं. व्हॅनिलाची शेती आजही त्याच पद्धतीने, फूल न् फूल हाताळून चालते. त्याच्या हातांनी बेटाला श्रीमंत केलं, आणि तो स्वतः १८८० मध्ये गरिबीत वारला. मी टिचकी मारते तेव्हा त्या अंगठ्याची आठवण काढणं मला आवश्यक वाटतं. व्हॅनिलात निदान मध्ये पडदा असतो. मिरचीत पडदाही नसतो, नुसती मोकळी हवा असते, आणि तीही पुरेशी अडचण ठरते.

आता सांगायचं ते वेळेचं. सकाळी उठल्या उठल्या टिचक्या मारून उपयोग नाही, परागकोश उसवलेले नसतात. माझ्या खिडकीत दहा ते बारा ही वेळ जमते. फूल ज्या दिवशी उमलतं त्या दिवशी कुक्षी सगळ्यात तयार असते, पण दुसऱ्या दिवशीही मी टिचकी देते, कारण सगळे परागकोश एकदम उसवत नाहीत. हवा फार दमट असेल तर पराग एकमेकांना चिकटतात आणि टिचकीने झडत नाहीत. अशा दिवशी रंगाचा मऊ, बारीक ब्रश घेते आणि आधी परागकोशांवरून, मग कुक्षीवरून हलकेच फिरवते. हवा फार कोरडी असली तर पराग कुक्षीवर टिकत नाहीत, तेव्हा कुंड्यांजवळ पाण्याचं पसरट भांडं ठेवते. कुणी बॅटरीवर चालणारा टूथब्रश वापरतात, त्याची मागची बाजू देठाला सेकंदभर टेकवायची. तेही चांगलं चालतं. एक छोटा पंखा मंद वेगाने, झाडापासून दूर ठेवून लावला तर निम्मं काम तोच करतो आणि खोडही दणकट होतं. मला मात्र बोटच आवडतं. बोटाने करायचं म्हटलं की प्रत्येक फुलापाशी थांबावं लागतं, आणि थांबलं की पानाखालची माव्याची कीड वेळेवर दिसते.

आणि तापमान. हे मी कडाक्याच्या थंडीत शिकले. खिडकीच्या काचेला लागून असलेल्या झाडाच्या फुलांना मी रोज नेमाने टिचक्या देत होते, फळंही धरत होती, पण ती वाढेनात. बटणाएवढी, चपटी, टणक. एक कापली तर आत बी नव्हतं, एकसुद्धा नाही. रात्री काचेजवळ पारा १५ अंशांच्या खाली जात होता, आणि तेवढ्या थंडीत तयार झालेल्या परागांत जीव नसतो. ते कुक्षीवर पडतात आणि पडूनच राहतात. उलट बाजूने, दिवसा ३५च्या पुढे आणि रात्रीसुद्धा २४च्या वर हवा राहिली तरी फुलं गळतात. मी झाड काचेपासून हातभर आत घेतलं. तीन आठवड्यांनंतर उमललेल्या फुलांनी नीट मिरच्या धरल्या.

बिनबियांच्या त्या बटणाने मला मिरचीच्या आत बघायला लावलं, आणि मला वाटतं सगळ्यात मोठं आश्चर्य तिथे आहे. कुक्षीवर पडलेला परागकण रुजतो, अगदी बी रुजावं तसा. त्यातून एक नळी निघते, ती कुक्षिवृंताच्या आतून खाली उतरत जाते, अंडाशयात शिरते आणि एका बीजांडापाशी जाऊन पोचते. एक कण, एक नळी, एक बी. मिरचीत ऐंशी बिया असतील तर ऐंशी कणांनी तो प्रवास पुरा केलेला असतो. वाढणाऱ्या बिया आजूबाजूच्या गराला वाढायचा निरोप देतात, म्हणून जिथे बी भरलं तिथे गर भरतो. माझ्याकडे एक कोयत्यासारखी वाकडी मिरची आली होती. उभी चिरली, तर बाहेरच्या फुगीर बाजूला बिया दाटीने बसलेल्या आणि आतल्या वळलेल्या बाजूला जवळजवळ रिकामं. कुक्षीच्या एकाच अंगाला पराग लागले होते. दीड महिन्यापूर्वीच्या माझ्या एका घाईच्या सकाळचा हिशेब त्या मिरचीने अंगावर लिहून ठेवला होता.

दुसऱ्या वर्षी मी तीन वेगळ्या जाती एकाच खिडकीत लावल्या आणि एकच ब्रश सगळ्यांवर फिरवला. मग भीती वाटली की ढोबळी मिरची तिखट होईल. तसं होत नाही. फळाचा गर आणि त्यातली ती पांढरी शीर, जिच्यात मिरचीचा जवळजवळ सगळा तिखटपणा तयार होतो, ही आईच्या झाडाचीच असतात. पराग कुणाचेही असोत. बदल होतो तो बियांत. ते बी पुढच्या वर्षी लावलं की ढोबळीच्या पोटी तिखट मिरची येऊ शकते. म्हणून ज्या झाडाचं बी ठेवायचं त्याच्या कळ्यांवर मी उमलायच्या आदल्या दिवशी जाळीच्या कापडाची पुरचुंडी बांधते, पुरचुंडीवरूनच टिचकी मारते आणि फळ धरलं की सोडते.

इतकं सगळं हातात बसल्यावर मला बारा दिवस गावाला जावं लागलं. झाडावर आठ मिरच्या धरलेल्या आणि कळ्यांचा बहर. पाणी घालायला कुणीही तयार असतं, पण हे काम कुणाला सांगायचं? शेजारच्या आजींना विचारलं.

"पाण्याचं कळलं गं," त्या म्हणाल्या. "पण टिचकी मारायची म्हणजे? लागेल ना त्याला."

"फुलाला नाही मारायची, आजी. देठाच्या मागे. झुळूक आली तर जेवढं हलेल तेवढंच."

त्यांनी करून पाहिलं. बोट इतकं हळू सोडलं की देठ हललाच नाही. दुसऱ्यांदा जमलं, आणि तिरपीत उडालेली धूळ मी त्यांना दाखवली. त्या काही बोलल्या नाहीत, चष्मा पुसून पुन्हा वाकल्या.

परत आले तेव्हा झाड रंगीबेरंगी झालं होतं. ज्या फुलाला टिचकी दिली त्याच्या देठाला आजींनी शिवणाच्या डब्यातला एक दोरा सैलसर बांधला होता, रोज वेगळ्या रंगाचा, म्हणजे कुठलं फूल कोणत्या दिवशीचं ते विसरायला नको. मी कधी त्यांना असं काही सांगितलं नव्हतं. अकरा दोरे झाडावर होते. त्यातल्या पाच देठांवर बारीक मिरच्या दिसत होत्या. बाकीची फुलं अजून ताजी होती.

मग त्यांनी घरातून एक बशी आणली. बशीत सहा गळलेली फुलं, प्रत्येकाच्या देठाला दोरा तसाच.

"ही माझ्या हातून गेली," त्या म्हणाल्या. "मोजून घे. टाकून दिली असती तर तुला कळलंही नसतं, पण मला बरं वाटलं नसतं."

त्या सहांतलं एक त्याच सकाळी पडलेलं होतं, निळ्या दोऱ्याचं. पाकळ्या मऊ पडल्या होत्या, पण मधली काडी अजून हिरवी होती. मी ते भिंगाखाली धरलं. कुक्षी परागांनी गच्च भरलेली होती, एका बाजूने नाही, सगळीकडून. माझ्या हातून इतकी भरलेली कुक्षी क्वचितच झाली असेल. झाडावर आठ मोठ्या मिरच्या आणि पाच नव्या वाढत होत्या. इतकी फळं पोसत असताना मिरचीचं झाड पुढची काही फुलं स्वतःच सोडून देतं, पराग पोचलेले असले तरीही. हात थांबल्यामुळे गळालेलं फूल मला ओळखू येतं. हे तसं नव्हतं.

मी आजींना भिंग दिलं, कसं धरायचं ते दाखवलं आणि खिडकीपाशी उजेडात उभं केलं. त्यांनी बराच वेळ डोळा हलवला नाही.

"ते पांढरं पांढरं?"

"तेच."

"म्हणजे पोचलं होतं?"

"पोचलं होतं, आजी. सगळं पोचलं होतं."

त्यांनी भिंग खाली ठेवलं नाही. डाव्या हाताने बशीतलं दुसरं फूल उचललं, पिवळ्या दोऱ्याचं, आणि तेही उजेडाकडे धरलं.